खोलीची ट्रायल

मास्तर गप्प बसत ते फक्त तोंडात टाचण्या असताना. एरवी त्यांना गप्प करणं कुणाला जमलेलं नव्हतं.

शिंपी म्हणून त्यांचं नाव होतं, आणि ते नाव सगळ्यांत जास्त वेळा तेच घेत. "माझ्या हातचा कोट घातला की माणूस सरळ चालतो," असं ते गिऱ्हाइकाला ऐकवत. गिऱ्हाईक आरशापुढे खरंच सरळ उभं राही. त्यात कोटाचं काम किती आणि मास्तरांच्या आवाजाचं किती, हे कुणी तपासलं नाही.

दुकान खाली, घर वर. मधे एक जिना. उभा, अरुंद, आणि वर नेलेलं कपाट खाली न येऊ देणारा. दुकानात रस्त्याकडे मोठी काच, काचेमागे कापायचं टेबल. अख्ख्या फळीचं, जोड नसलेलं. इतकं लांब टेबल दुसऱ्या कुठल्या शिंप्याकडे असेल तर दाखवा, असं मास्तरांचं खुलं आव्हान होतं. टेबलाच्या टोकाशी, काचेला लागून, एक खुर्ची. ती खुर्ची अक्कांची.

अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. आई लवकर गेली, धाकट्याला तिनं वाढवलं. मशीनवर पहिली सरळ टीप मारायला तिनंच शिकवलं. ती टीप वाकडी आली होती, हे अक्का अजून चारचौघांत सांगत. त्यांनी लग्न केलं नाही. मास्तरांनी केलं. पुढे बायको गेली, मुलगा दूरच्या शहरात नोकरीला लागला, आणि घरात पुन्हा दोघंच उरली, सुरुवातीला होती तशी. अक्का त्या खुर्चीत बसून काजं करत, बटणं लावत आणि काचेतून रस्त्यावर नजर ठेवत. कुणाच्या पँटची शिवण उसवली आहे हे त्या माणसाच्या आधी त्यांना कळे. "तो बघ, आजच्या आज येतो आपल्याकडे," त्या म्हणत. आणि तो येई.

मग त्या जिन्यावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, हाताशी वॉकर आला. पण जिना उतरणं संपलं. खुर्चीत बसवून उचलून खाली नेतो म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "मी काय सामान आहे?" विषय तिथंच मिटला. अक्का वर अडकल्या.

काम मात्र त्यांनी सोडलं नाही. मागच्या गॅलरीतून त्या परसात दोरीनं टोपली सोडत. मास्तर तीत कोट ठेवत. कोट वर जाई आणि काजं होऊन परत येई, सोबत एखादा शेरा घेऊन. "ही बाही कुणी बसवली? डोळे मिटून?"

"मीच बसवली."

"तरीच."

पण गॅलरीतून दिसे काय, तर परस, कपडे वाळत घालायची तार आणि शेजारच्या घराची मागची खिडकी. रस्ता तिकडून दिसत नसे. अक्कांचं बोलणं हळूहळू कमी झालं. शेरे आखूड झाले. एकदा कोट नुसताच खाली आला, एका शब्दाशिवाय. बाही मुद्दाम वाकडी बसवलेली होती. मास्तर बराच वेळ वर बघत उभे राहिले.

मुलाचा फोन आला. त्याच्या इमारतीला लिफ्ट होती. "आत्याला माझ्याकडे पाठवा, बाबा. तुम्हाला किती दिवस जमणार?" मास्तर म्हणाले, "बघू." फोन ठेवल्यावर त्यांनी ठरवलं की बघायचं नाही, बांधायचं. परसात खोली काढायची, तळमजल्यावर, शेजारी न्हाणीघर. परवानगी नाही मिळाली, तर मग मुलाचं ऐकू. अक्का जातील.

त्यांनी वर जाऊन सांगितलं, "अक्का, तुला खाली आणतो."

"कुठं खाली?"

"मागं. झकास खोली काढतो."

"मागं," अक्का म्हणाल्या, आणि दातानं दोरा तोडला. मास्तरांना त्यात होकार ऐकू आला.

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. मास्तर म्हणत, त्यात काय पाहायचं, जो माणसाच्या अंगाभोवती कोट बांधतो त्याला पलंगाभोवती चार भिंती काय जड? नकाशा काढायला त्यांनी एका मुलीला बोलावलं. घरांच्या वाढीव बांधकामाचे नकाशे काढून परवानग्या आणायचा तिचा धंदा होता आणि तो चांगला चालला होता. शाळेत असताना तिचे गणवेश मास्तरांनीच शिवलेले. त्यामुळे गावभर तिला मॅडम म्हणत असले तरी इथं ती पोरगीच होती.

तिनं पिशवीतून पोलादी टेप काढली.

"ठेव ती आत," मास्तर म्हणाले. "परसाचं माप मी घेऊन ठेवलंय."

"मी एकदा घेते, काका. पद्धत असते."

"पोरी, तुझ्या अंगाचं माप वर्षानुवर्षं कुणी घेतलं?"

"तुम्ही."

"कधी कपडा आखूड झाला?"

"आखूड कधीच नाही झाला," ती म्हणाली. "माझे हात कुणाला दिसले ते थेट नववीत." पण तिनं टेप आत ठेवली. मास्तरांनी आकडे सांगितले, तिनं लिहून घेतले. पुढं ती हिलाच जाणत्या माणसाची चूक म्हणायची. आपल्याला मोजता येतं हे माहीत असूनही तिनं मोजलं नाही, कारण समोरचा माणूस लहानपणापासून गळ्यात टेप घालून दिसला होता.

नकाशा देखणा निघाला. शेजारच्या हद्दीच्या भिंतीपासून नियमाप्रमाणे जागा मोकळी सोडलेली. छप्पर सपाट, उंची बेताची. बांधकाम खात्यात अर्ज गेला. दाराशेजारी पाटी लागली की इथं असं असं बांधकाम व्हायचं आहे, कुणाची हरकत असेल तर कळवा. मास्तर ती पाटी रोज सकाळी फडक्यानं पुसत.

आणि हरकत आली. शेजारच्या बाईंची.

बाई भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांची मागची खोली म्हणजे पुस्तकं, एक पृथ्वीचा गोल आणि ती एक खिडकी. नजर मंद झालेली, त्यामुळे सकाळचं ऊन त्या खिडकीत येई तेवढाच वेळ त्या वाचत. खोलीची भिंत उठली की ते ऊन जाणार, असं त्यांनी सभ्य भाषेत लिहिलं होतं.

मास्तरांना राग आला. बाईंचा राखाडी कोट अस्तर बदलायला दुकानात पडून होता. त्यांनी रागारागानं तो सगळ्यांच्या आधी हातात घेतला आणि असं अस्तर लावलं की कोट उलटा घातला तरी चालला असता. मग स्वतः पोचवायला गेले.

"इतक्यात झाला?" बाई म्हणाल्या.

"हरकत घेणाऱ्यांचं काम आम्ही आधी करतो."

बाईंनी कोट अंगावर चढवला. खांदे नेमके बसले. "सुरेख झालाय. हरकत मात्र तशीच आहे."

"सावली तुमच्या खिडकीपर्यंत पोचणारच नाही."

"मास्तर, पृथ्वी कशी फिरते ते मी जन्मभर शिकवलंय. पोचेल. सूर्य काही तुमचं गिऱ्हाईक नाही, जरा सरका म्हटलं की सरकायला."

"पोचली तर तुमच्या देखत खोली उसवीन."

"भिंत उसवता येत नाही, मास्तर."

"ते माझ्यावर सोडा," मास्तर म्हणाले, आणि तिथून निघतानाच त्यांना सुचलं.

पहिल्या फटक्यात पक्की शिलाई मारणारा शिंपी नव्हे. आधी कच्चा टाका, मग ट्रायल, मग टीप. खोलीची ट्रायल घ्यायची. खात्याचे साहेब जागा बघायला येणार होते. त्यांना कागद कशाला, अख्खी खोलीच दाखवू.

माळ्यावर पडद्याच्या जाड कापडाचे तागे होते. एका हॉटेलनं मागवलेले, हॉटेल उघडण्याआधीच बंद पडलं. रंग वांगी. उजेड आरपार जाणार नाही असं कापड. सुट्टीच्या दिवशी मास्तरांनी दुकानाचं दार लावून घेतलं आणि मशीन चालवलं. चार भिंती, वर छत. दाराला त्यांनी काठ शिवला. खिडकीला झडप लावली, ती बटणानं बंद होई. बटण लावायला झडप टोपलीतून वर पाठवली. ती परत आली तेव्हा शब्द पुन्हा सोबत होते.

"खोलीला बटण? डोकं ठिकाणावर आहे का?"

मास्तर इतके खूश झाले की त्यांनी आणखी एक बटण पाठवलं.

साहेब यायच्या सकाळी परसात लाकडी वासे रोवून खोली उभी राहिली, दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून, नकाशातल्या मापाची. वाऱ्यानं फुगू नये म्हणून खालच्या काठावर इस्त्र्या आणि मोठ्या कात्र्या ठेवलेल्या. वांग्यासारखी जांभळी, ताठ, एकही सुरकुती नाही. नकाशावाली आली आणि दारातच थांबली. तिनं जन्मात पुष्कळ नकाशे काढले होते. स्वतःची रेघ अशी उभी राहून वाऱ्यावर हलताना तिनं पहिल्यांदा पाहिली.

साहेब आले. खांद्याला पिशवी, बोलणं कमी. त्यांनी खोलीभोवती नजर फिरवली. "आम्हाला लोक पत्रे दाखवतात, विटा दाखवतात. कापड पहिल्यांदाच."

"आत या, साहेब. बटण काढून या."

साहेब आत जाऊन बाहेर आले. मग म्हणाले, "हद्दीच्या भिंतीपासूनचं अंतर बघू." नकाशावाली पुढं झाली. भिंत आणि कापड यांच्यामधून ती चालू लागली आणि थांबली. एका बाजूला तिचा खांदा भिंतीला घासत होता, दुसऱ्या बाजूला कापडाला.

साहेबांनी नकाशा उघडला. नकाशाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "कागदावर इथून माणूस आरामात जातो."

मुलीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं पिशवीतून पोलादी टेप काढली आणि परस मोजलं. मग परत मोजलं. "मास्तरकाका, तुम्ही सांगितलं होतं त्यापेक्षा परस अरुंद भरतंय."

"भरणारच," मास्तर म्हणाले. "मी थोडी माया धरली होती."

"काय धरली होती?" साहेबांनी विचारलं.

"माया. शिवणीच्या आत जादा कापड सोडतो आम्ही. उद्या माणूस जाड झाला, तर उसवून सैल करता येतं. अंगाचं माप असेल त्याहून थोडं जास्तच सांगायचं असतं."

"परसाला?" नकाशावाली म्हणाली. "काका, परस जाड होणार होतं का?"

"हाताची सवय, पोरी. टेप धरली की आकडा आपोआप वाढून तोंडात येतो."

साहेबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि काही वेळ भिंतच बघितली.

तेवढ्यात घराच्या कडेवरून ऊन परसात उतरलं. कापडाच्या खोलीची सावली हद्दीच्या भिंतीवर पडली, भिंत ओलांडून पलीकडे गेली आणि बाईंच्या खिडकीवर चढली. बाई खिडकीत बसलेल्या होत्या, समोर पुस्तक. हात लांब करून त्यांनी खोलीतला दिवा लावला.

मास्तरांनी तो दिवा पाहिला. ज्यांनी त्या क्षणी त्यांचं तोंड पाहिलं त्यांना वाटलं, आता संपलं. खोली गेली, आणि खोलीबरोबर अक्काही. साहेब वहीत काही लिहायला लागले होते.

"थांबा, साहेब," मास्तर म्हणाले. "ट्रायल संपलेली नाही."

त्यांनी मनगटाची टाचण्यांची गादी चाचपली आणि मूठभर टाचण्या ओठांत धरल्या. मग परसात शांतता झाली.

आधी त्यांनी हद्दीकडची भिंत घेतली. वासे उपटले, आत रोवले, सुटलेलं कापड मुडपून टाचलं. नकाशावाली मधून चालली. तिचे दोन्ही खांदे मोकळे राहिले. मग स्टुलावर चढून त्यांनी छताचा बाईंकडचा काठ धरला आणि खाली उतरवला, एका बाजूनं खांदा पडलेल्या माणसाला कोट बसवतात तसा. छत सपाट होतं ते उतरतं झालं. सावली खिडकीच्या निम्म्यावर आली. मास्तरांनी बाईंकडे पाहिलं.

"अजून," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी अजून घेतलं.

"अजून एक चिमूट."

सावली चौकटीखाली घसरली. बाईंनी दिवा मालवला आणि पुस्तकाचं पान उलटलं.

मास्तरांनी ओठांतल्या उरलेल्या टाचण्या काढल्या. छाती पुन्हा फुगली. "बघा. भिंत उसवता येत नाही म्हणे."

"धाकट्या," वरून आवाज आला. गॅलरीत अक्का कठड्याला रेलून उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. "त्यात मी मावते का रे?"

"मावशील की."

"माप घेतलंस माझं?"

मास्तरांचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला.

"पलंगाचं घेतलंस. परसाचं घेतलंस, तेही चुकीचं. सावलीचंसुद्धा घेतलंस. ज्याच्या अंगावर कोट चढायचा त्याला कुणी विचारलं? मला खाली घ्या."

"अक्का, तूच म्हणाली होतीस, सामान..."

"ट्रायलला जातेय. उचलून नेऊ नका, धरून न्या. खुर्ची फक्त पाठीमागं असू दे, बसावंसं वाटलं तर."

जिन्यात ते काही जमलं नाही. पहिल्याच पायरीवर अक्का खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आता उचला, वाद नको." वरून मास्तरांनी धरलं. खालून कोण धरणार? साहेब म्हणाले, "मी इथं फक्त पाहणीसाठी आलोय." असं म्हणत त्यांनी पिशवी काढून ठेवली आणि खुर्चीचे पुढचे पाय धरले. नकाशावाली वॉकर घेऊन खालच्या बाजूला उलटी उतरत, वळण आलं की सांगत होती. "साहेब, नकाशा धरता तशी खुर्ची सरळ धरा," अक्का त्यांना म्हणाल्या. "मी कलतेय."

कापडाच्या खोलीत त्या शिरल्या. आतला उजेड जांभळा. अक्कांनी वर पाहिलं, चौफेर पाहिलं. "वांग्यात बसल्यासारखं वाटतंय." मग वॉकर घेऊन वळून पाहिलं. पलंगाच्या जागी मास्तरांनी स्टुलं मांडली होती. वळताना वॉकरचा पाय कापडाला लागला आणि अख्खी भिंत हलली.

"आत घेतल्यामुळं तंग झालीय," मास्तर बाहेरून म्हणाले. "पलंग आखूड करू."

"आणि माझे पाय?"

"मग पलंग उभा लावू."

"मीही उभीच झोपते," अक्का म्हणाल्या. त्यांनी बटण काढून खिडकीची झडप उघडली. समोर हद्दीची भिंत. त्या वाकून पाहत राहिल्या. "वरून निदान बाईंचा गोल तरी दिसतो. इथून काय बघू? भिंतीचा गिलावा?"

"अक्का, हवा आहे, न्हाणीघर शेजारी..."

"मला मागं नको टाकूस रे," अक्का म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "एवढंच सांगायचं होतं. तू कधी टाचण्या तोंडात घेतच नाहीस माझ्यासमोर."

खिडकीतून बाईंनी घसा साफ केला. "सांगू का अक्का?"

"सांग आता."

"मास्तर, हरकत घेऊ की नको, ते मी आधी अक्कांना विचारलं होतं. गॅलरीतून. वाईट वाटू नये म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, घे," अक्का म्हणाल्या. "म्हटलं, माझं घरात कुणी ऐकत नाही. तुझं निदान सरकार तरी ऐकेल."

मास्तर स्टुलावर बसले. तोंडात एकही टाचणी नव्हती, तरी गप्प होते.

अक्कांनी वॉकर उचलून दुकानाच्या मागच्या भिंतीवर टेकवला. "ही भिंत काढ. मागं मी झोपेन, पुढं मी बसेन. पलंग इथं, खुर्ची काचेपाशी. येण्याजाण्यापुरतं मधे मोकळं. मग ही खोली एवढीशी असली तरी चालेल, झोपायला कुठं मैदान लागतं?"

"भिंत अख्खी नाही निघणार," नकाशावाली म्हणाली. ती केव्हाच पेन्सिल घेऊन बसली होती. "वरच्या घराचं ओझं आहे तिच्यावर. पण वर तुळई टाकून रुंद दार काढता येईल. वॉकर सरळ जाईल." ती दुकानात जाऊन बघून आली आणि मास्तरांकडे न बघता बोलली. "दारासमोर टेबलाचं टोक येतं, काका."

ते टेबल. जोड नसलेलं, अख्ख्या फळीचं. मास्तर उठले आणि दुकानात गेले. मागोमाग कुणी गेलं नाही. पण दार उघडंच होतं, त्यामुळे दिसलं. ते टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, वरून हात फिरवत. वॉकर टेबलाच्या टोकाशी आणून उभा केला, फिरवला, मागं घेतला. गळ्यातली टेप त्यांनी काढलीच नाही. मग खिशातून खडू काढला आणि फळीवर आडवी रेघ मारली. कोटावर मारत तशी, एका ओढीत.

बाहेर आले तेव्हा आवाज नेहमीचा होता. "नाहीतरी एवढं लांब टेबल कुणाला लागतं? पसारा होतो नुसता. आणि जोड नसलेलं ते आखूड झालं तरी जोड नसलेलंच."

"हेच आधी का नाही सुचलं?" अक्का म्हणाल्या.

"गिऱ्हाइकानं आधी तोंड उघडायला हवं."

साहेबांनी पिशवी खांद्याला लावली. "मास्तर, मी कापड मंजूर करू शकत नाही. हे सगळं, उतरतं छप्पर, दार, तुळई, कागदावर आणा. मोजून. मग बघतो. होईल असं दिसतंय, पण मी तसं म्हणालो नाही."

"आम्ही ऐकलंही नाही," अक्का म्हणाल्या.

परस नव्यानं मोजलं गेलं. या वेळी पोलादी टेप होती आणि तिचं दुसरं टोक मास्तरांनी धरलं होतं. नकाशावालीनं आकडा वाचला. मास्तरांचे ओठ हलले.

"माया नाही, काका."

"मी कुठं काय म्हटलं?"

"म्हणणार होतात."

अक्का त्या दिवशी लगेच वर गेल्या नाहीत. त्यांना काचेजवळच्या खुर्चीत बसवलं. खुर्चीवर धूळ होती, त्यांनी ती बोटानं पुसून मास्तरांना दाखवली. मग रस्त्याकडे तोंड करून बसल्या. माणसं जात होती, येत होती. अक्का पुढं झुकल्या.

"तो बघ, छत्रीवाला. डाव्या खांद्याची शिवण. आजच्या आज येतो."

मास्तर कापायच्या टेबलाशी उभे होते, खडूच्या रेघेच्या अलीकडे. त्यांनी मान वर केली नाही. "आज दुकान बंद आहे, अक्का."

"मग उघड."

दुपार उलटायच्या आत छत्रीवाला दारात होता.

परवानगी आली. बाईंनी आपली हरकत स्वतः जाऊन मागं घेतली. जाताना राखाडी कोट घातला होता. खोली विटांची झाली, छप्पर त्यांच्याकडे उतरतं. सुतार टेबल कापायला आला तेव्हा मास्तर कुणाचं तरी माप घ्यायला बाहेरगावी गेले होते. कुणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही. कापून उरलेल्या फळीचा अक्कांच्या पलंगाला कठडा झाला. तो मोठ्या दुकानातल्या कठड्यापेक्षा भारी आहे, हे आता येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावं लागतं.

टोपली अजून आहे. फक्त आता वर एकटे मास्तर राहतात आणि खाली अक्का. सकाळी परसातून हाक जाते, "धाकट्या, माझा चष्मा पुन्हा वर नेलास." मास्तर गॅलरीत येतात, टोपली सोडतात. चष्मा खाली येतो. मग मास्तरांचा डबीतला खडू, काल रात्री वर नेलेली कात्री, रात्री बाह्या बसवलेला कोट, एकेक. अक्का सगळं काढून घेतात, तपासतात, आणि दोरीला हलका हिसका देतात.

"बाही कुणी बसवली रे ही?"

जिन्यात पावलं वाजतात.